मधलीकडची एकतीस गाणी

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मधली सांगायची, "चादरी धुते." गाते म्हणून तिच्या तोंडून कधी निघालं नाही. मग त्या माणसाला दुसरीकडून कळायचं, की वाद्याबिद्याशिवाय गाणाऱ्या त्या तिघी बायका आहेत ना, त्यातली मधे उभी राहणारी ती हीच. "अहो, आधी सांगायचं ना!" असं तो म्हणाला की हिचं उत्तर तयार, "का? चादरी धुते हे खोटं आहे का?" असा सगळा तिरका कारभार.

खोटं नव्हतंच ते. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथे तिची बावीस वर्षं गेली होती. माणूस उभा मावेल एवढाली चार यंत्रं. ती पिळायला लागली की पायाखालची फरशी थरथरायची. रक्ताच्या चादरी वेगळ्या, त्या आधी गार पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की तो डाग जन्मात निघत नाही. पुढे वाफेचे रूळ. एका बाजूने ओली चादर सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर. मग दोघींनी चार कोपरे धरायचे आणि एकमेकींकडे चालत येत तीन घड्या घालायच्या. आवाज एवढा की तिथल्या बायका तोंडाने बोलायच्या भानगडीत पडतच नसत. चहाला चल, मुकादम आला, माझं डोकं ठणकतंय, सगळं हातवाऱ्यांनी.

कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. मधली ते खिशात ठेवायची, कारण त्या घरघरीत ती गायची. घरी आवाज लावला की शेजारचे खिडकी उघडून फर्माइश करतात, नाहीतर नाक मुरडतात. इथे यंत्राच्या तोंडावर मोकळ्या गळ्याने म्हटलं तरी कुणाला पत्ता नाही. पण बोळे घातले की तिला स्वतःचा सूर नीट ऐकू येईना, म्हणून बोळे खिशात. आता काय बोलायचं या बाईला! गाण्यासाठी कान उघडे ठेवले आणि तेच कान बावीस वर्षांत त्या यंत्रांनी खाऊन टाकले.

पण आधी तिघींचं सांगायला हवं. मधली म्हणजे घरातली मधली नव्हे. घरात ती शेंडेफळ. वरचा सूर ताईचा, खालचा वहिनीचा आणि मधला हिचा, म्हणून लोकांनीच तिला मधली करून टाकलं. ताई कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची विजार आखूड, कुणाचा सदरा सैल. दिवसभर ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि जे काही बोलेल ते दाताआडून. वहिनी, म्हणजे भावाची बायको, बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायची. तिचा आवाज असा खर्जातला की नवखा माणूस "साहेब, एक द्या" म्हणायचा, मग काचेतून वाकून बघायचा आणि ओशाळायचा. वहिनी म्हणायची, "साहेबच समजा. बोला, कुठलं देऊ?"

गाणी आईची. एकूण चाळीस. आईला तिच्या आईकडून आलेली, कागदावर कुठे काही नाही. आणि आईने तिघींना ती शिकवली ते असल्या अजब तऱ्हेने, की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. ताईला स्वयंपाकघरात, वहिनीला पुढच्या खोलीत, मधलीला मागच्या पायरीवर. प्रत्येकीला फक्त तिचा सूर. दुसरीचा सूर म्हणून बघायचा नाही, अगदी भांडी घासतानासुद्धा नाही. "एकदा दुसरीचं तोंडात बसलं की ऐन गाण्यात तिकडे घसराल," आई म्हणायची, "आणि घसरलात तर मी आहेच." एकदा ताईने गंमत म्हणून मधलीची चाल गुणगुणली, तर पाठीत असा धपाटा बसला की पुन्हा म्हणून तिने ते धाडस केलं नाही. नवी नवरी म्हणून घरात आलेल्या वहिनीलाही आईने सवलत दिली नव्हती.

याचा फायदा असा झाला, की तिघी आपापल्या जागी खिळ्यासारख्या पक्क्या झाल्या. मधली हलकेच एक सूर धरायची, त्यावर वहिनी खालून यायची, वरून ताई, आणि मग तीन गळे कुठे सुटे होतात ते कुणाला सांगता यायचं नाही. वाचनालयं, शाळांची सभागृहं, कामगारांचे मेळावे, कुठे कुठे त्यांना बोलावणी असायची. तोटा असा झाला, की चाल, म्हणजे गाण्याचं खरं हाड, ते एकट्या मधलीकडे राहिलं. ताईने आणि वहिनीने ती चाल हजारदा ऐकलेली, पण तोंड उघडलं की प्रत्येकीचा आपलाच सूर बाहेर पडायचा.

एकदा एक रेकॉर्ड कंपनीवाला आला होता. मागे चार वाद्यं टाकू म्हणाला, तिघींना सारखे चमचमते कपडे शिवू म्हणाला. ताईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "लोकांचे कपडे मी दुरुस्त करते. माझे कुणी करायचे नाहीत." झालं, गेला तो. मग बारा वर्षांपूर्वी तिघींनी आपली आपणच एक रेकॉर्ड केली. तीत नऊ गाणी होती. कार्यक्रम संपला की वहिनी दाराशी पिशवी घेऊन उभी राहायची आणि स्वतःच ती विकायची. उरलेली एकतीस पुढच्या वर्षी करू असं ठरलं. मग ताईचं गुडघ्याचं दुखणं निघालं, मग वहिनीची बदली झाली आणि ती परत आली, मग आई गेली. पुढचं वर्ष काही उजाडेना. आई शेवटपर्यंत विचारत होती, "बाकीची कधी?" आणि तिघी म्हणत होत्या, "अगं करतोय, करतोय."

आणि मग मधलीचे कान.

आधी किटलीची शिट्टी गेली. मग दारावरची घंटी. ताई टाचण्या धरून बोलली की काही कळेनासं झालं, तेव्हा मधली "आधी ते खिळे काढ तोंडातले" असं हसण्यावारी न्यायची आणि ओठांकडे बघत राहायची. धुलाईखात्यात तर बोलणं हातांचंच, त्यामुळे तिथे कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती त्याच इस्पितळात तीन मजले वर चढून कानाच्या डॉक्टरकडे गेली. तिथे तिला काचेच्या एका बंद पेटीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा." ती बटणावर अंगठा ठेवून बसली. दोन-चारदा दाबलं. मग बराच वेळ काही होईना. यंत्र बिघडलं वाटतं, असं ती म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं."

"झालं? मी तर वाट बघत होते."

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर बसल्या आणि तोंड नीट दिसेल असं हळूहळू सांगू लागल्या. कानाला यंत्र लावलं तर बोलणं बरंचसं कळेल. गाण्याचं सांगता येत नाही.

"म्हणजे गाणं ऐकूच येणार नाही?"

"आवाज येईल. पण सूर वर गेला की खाली आला, ते ओळखणं कठीण आहे. तुमचं तेच आधी गेलंय. आत्ताही तुम्हाला वाटतं तेवढं कळत नसणार."

"आणि जे काही कळतंय ते किती दिवस?"

"वर्षभर धरा."

मधलीने कागद घेतला, त्याला तीन घड्या घातल्या आणि खाली येऊन पाळी पूर्ण केली. घरी एक अक्षर बोलली नाही. बोलून होणार काय होतं? ताईने डोळ्यांना पदर लावला असता, वहिनीने दहा डॉक्टर सुचवले असते आणि दोघींनी मिळून म्हटलं असतं, मरू दे ते गाणं, तू आधी जिवाला जप. आणि एकतीस गाणी राहिली असती तशीच. ती गाणी जिथे होती ते ठिकाण म्हणजे मधलीचं डोकं, आणि तिथून ती बाहेर काढायला वर्षभर होतं. एवढी एकच गोष्ट तिला कळत होती आणि त्या भीतीने तिची झोप उडाली होती.

"रेकॉर्डिंग यंदाच," तिने जाहीर करून टाकलं.

"एवढी कसली घाई लागलीय?" ताई म्हणाली.

"आई विचारून विचारून मेली, तरी अजून घाई वाटते तुला?" हे जरा लागेल असंच बोलली ती. ताईने मान डोलावली. तरी जागा मिळवून, तिघींच्या रजा जुळवून आठ महिने निघून गेलेच.

लाकडी सामानाच्या एका कारखान्यामागे खोली होती. भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या, मधे काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. पन्नाशीचा, शांत माणूस, सतत थर्मासमधून चहा पिणारा. तीन दिवस ठरले होते. तिघींना वेगवेगळं उभं करतो म्हणाला, तर ताईने साफ नाही म्हटलं. "आम्ही चिकटूनच उभ्या राहतो. आयुष्यभर तशाच उभ्या राहिलोय." मग तो म्हणाला, "बरं, आधी गळा गरम करायला जुन्या नऊ गाण्यांतलं एखादं म्हणा."

मधलीने सूर धरला. वहिनी आली, ताई आली. मधलीचा एक खांदा ताईला टेकलेला, दुसरा वहिनीला. दोघींच्या अंगातला आवाज तिच्या अंगात येत होता, आणि तिला वाटलं, जमतंय की! उगाच घाबरले मी. गाणं संपलं तेव्हा ती चक्क हसली.

रेकॉर्डिंगवाला बाहेर आला. डोकं खाजवत म्हणाला, "बाई, रागावू नका. तुमचं एकमेकींशी इतकं पक्कं जुळलंय की मी असं पूर्वी ऐकलेलं नाही. पण जिथे सुरू केलंत त्याच्या बरंच खाली येऊन थांबलात. तिघी मिळून. आणि मधे चालही दोन-तीन ठिकाणी सरकलीय. तीही तिघींची, एकदम." मग त्याने तिघींना आत बोलावलं आणि पडद्यावर सुराच्या दोन रेघा दाखवल्या. वरची बारा वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डमधली, खालची आत्ताची. वरची जागच्या जागी होती. खालची कपड्यांच्या दोरीसारखी मधेच झोल घेत गेलेली.

ऐकून मधलीला काही कळलं नसतं. पण बघून कळलं. तिने ताईकडे बघितलं, तर ताई खाली बघत होती. वहिनीकडे बघितलं, तर वहिनी पर्सचा पट्टा पिळत होती. दोघींपैकी एकीलाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मधली म्हणाली.

वहिनी काचेकडे वळली.

"वहिनी, माझ्याकडे बघून बोल. माहीत होतं?"

"अगं, त्या वाचनालयातल्या कार्यक्रमात पहिल्यांदा झालं," वहिनी म्हणाली. "तुझा सूर जरासा खाली आला. मी ताईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. तुला चारचौघांत उघडं पाडायचं का? म्हणून आम्हीही खाली आलो. लोकांना कळलं नाही. मग पुढच्या वेळी परत तसंच झालं."

"कधीची गोष्ट ही?"

"होतील पाच वर्षं."

"पाच वर्षं!" मधलीचा आवाज असा चढला की रेकॉर्डिंगवाला हातातला पेला घेऊन मुकाट्याने बाहेर गेला. "पाच वर्षं तुम्ही दोघी माझ्यामागे चुकत फिरलात? आणि एकीचंही तोंड उघडलं नाही?"

"तुझा गळा दमला असेल वाटलं," ताई म्हणाली. आज तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, शब्द न् शब्द दिसत होता. "दिवसभर वाफेत काम करतेस. वाटलं, आराम पडला की येईल ताळ्यावर. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गाणं सोडून बसली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?"

मधली खुर्चीवर बसली. पाच वर्षांपूर्वी तिला किटलीची शिट्टी ऐकू येत होती. तेव्हा कुणी एका शब्दाने टोकलं असतं, तर ती तेव्हाच डॉक्टरकडे गेली असती, तेव्हाच ही खोली घेतली असती, आणि एकतीसच्या एकतीस गाणी धडधाकट बाहेर आली असती. मायेने गप्प बसल्या होत्या दोघी. त्या मायेचा तिला असा संताप आला की ओरडून भिंतीवरच्या गोधड्या फाडाव्यात. आणि ओरडायला तोंड कुठे होतं? तिनेही आठ महिने कागद लपवलाच होता की! तोही मायेनेच.

मग ताई तिच्यासमोर उकिडवी बसली, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि म्हणाली, "हे बघ, गळा तुझा उतरलाय, कान तर नाही ना उतरले? मी म्हणते चाल. हजारदा ऐकलीय तुझ्या तोंडून. चुकलं तर तू सांग. आई काही आता धपाटा घालायला येत नाही. आधी नुसत्या चाली तरी ठेवून देऊ, आमचे सूर मागाहून चढवता येतील."

कान तर नाही ना उतरले. हीच वेळ होती सांगायची. मधलीने तोंड उघडलंही. पण सांगितलं की काम तिथेच थांबणार, हे तिला लख्ख दिसलं. चाल बरोबर की चूक हे सांगणारं दुसरं कुणी या जगात नव्हतं. पडद्यावरच्या रेघेला पट्टी कळत होती, आईने कुठे वळण घेतलं होतं ते तिला कुठून कळणार? "म्हण," मधली म्हणाली. "मी आहे ऐकायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माइकसमोर एकटी उभी राहिली आणि मधली तिच्यासमोर स्टुलावर बसली. पहिल्या दोन ओळींत ताईचा गळा सवयीने वर पळाला. मग थांबली, हसली, पुन्हा धरलं. तिच्या मानेची शीर फुगत होती, ओठ हलत होते. मधलीला काहीतरी येत होतं, भिंतीपलीकडे कुणीतरी बोलावं तसं. तिच्या डोक्यात मात्र तेच गाणं लखलखीत चालू होतं, आईच्या आवाजात, एकेक वळण जागच्या जागी. बाहेरचं आणि आतलं शेजारी ठेवून बघायला तिने जिवाचा आटापिटा केला. बाहेरचं हाताला लागेना.

"असंच ना?" ताईने विचारलं.

"तिसऱ्या ओळीचं वळण पुन्हा घे," मधली म्हणाली. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाली.

ताईने सगळं पुन्हा म्हटलं. मधलीने डोळे मिटले, मग उघडले, मग तिच्या गळ्यावर खिळवले. दोन्ही खेपांत काय फरक पडला, पडला की नाही, तिला कळलं नाही.

"कुठलं ठेवू?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने खुणेने विचारलं. एक बोट, दोन बोटं. वहिनी मधलीकडे बघत होती. ताई मधलीकडे बघत होती.

"दुसरं," मधली म्हणाली.

ताईचा चेहरा असा उजळला की दहा वर्षं गळून पडल्यासारखी दिसली. "बघ, येतंय की मला!" ती म्हणाली. वहिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात."

पुढच्या तीस गाण्यांना मधली पहिल्याच खेपेला 'हो' म्हणाली.